फोन आला, सिम चालेना

गेल्या वर्षी ईदच्या आठ दिवस आधी आमच्या आपांच्या घरी अमेरिकेहून मोबाईल आला. आपा म्हणजे आमची थोरली बहीण. खेड तालुक्यातल्या गावी एकट्याच राहतात. लेक आणि जावई अमेरिकेत. आपांकडे बटणांचा जुना फोन होता. त्यावर आवाज यायचा, पण नातवाचा चेहरा दिसायचा नाही. म्हणून जावयाने आपला दोन वर्षे वापरलेला चांगला फोन पुसून, नवे कव्हर घालून, गावाकडे येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. आपांनी जुना फोन त्याच दिवशी घरकामाला येणाऱ्या बाईला देऊन टाकला.

आम्ही तेव्हा गावीच होतो. सिम काढून नव्या फोनात आम्हीच घातले. पडद्यावर इंग्रजीत संदेश आला की हे सिम या फोनात चालणार नाही. दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहिले, तोच संदेश. मग तालुक्याच्या गावी एका दुकानदाराकडे फोन नेला. तो म्हणाला, ‘‘लॉक आहे. दोन-तीन दिवस ठेवा, करून देतो.’’ आम्ही फोन ठेवून आलो. सिम त्यातच राहिले, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

तिसऱ्या दिवशी फजरच्या सुमारास आपांच्या नणंदेचा महाडला इंतकाल झाला. तिकडच्या मंडळींनी आपांच्या नंबरावर पुन्हा पुन्हा फोन लावला. नंबर बंद. शेवटी कुणाला तरी शेजाऱ्यांचा नंबर सापडला आणि निरोप आला तेव्हा दुपार होत आली होती. गाडी मिळवून, कशेडीचा घाट ओलांडून आपा महाडला पोचल्या, तर पुरुष मंडळी माती देऊन परतत होती. चाळीस वर्षे जिच्याबरोबर उठबस केली, तिचे शेवटचे तोंड पाहायचे राहून गेले. आपांनी कुणाला बोल लावला नाही. पण आम्हाला ते अजून सलते, कारण सिम काढणारे हात आमचेच होते.

आपल्याकडे मयतीची खबर तासाभरात पोचावी लागते, दफन थांबत नाही. बँकेचा ओटीपी, गॅसचा नंबर, पेन्शनचा संदेश, दवाखान्याची वेळ, सगळे त्या एका नंबराला बांधलेले असते. म्हणून या महिन्यात ठरवले की परदेशातून येणारा किंवा जुना घेतलेला फोन आपल्या सिमवर चालेल की नाही, हे आधी कसे ओळखायचे, ते सविस्तर लिहावे. कोकणातल्या कितीतरी घरांत फोन दुबई, दोहा, कुवेत, लंडन नाहीतर अमेरिकेतून येतो. हा प्रश्न एकट्या आपांचा नाही.

फोन बंद का असतो?

भारतात आपण बहुतेक फोन दुकानातून घेतो आणि सिम वेगळे घेतो. आज जिओ, उद्या एअरटेल, फोन तोच. त्यामुळे ‘हा फोन कुठल्या कंपनीला बांधलेला आहे?’ असे विचारायची आपल्याला सवयच नाही. अमेरिकेत मात्र पुष्कळ लोक फोन मोबाईल कंपनीकडूनच हप्त्यांवर किंवा मोठी सवलत घेऊन विकत घेतात. हप्ते फिटेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये, म्हणून कंपनी त्या फोनात कुलूप घालते. दुसऱ्या कंपनीचे सिम घातले की फोन ते नाकारतो. फोन बिघडलेला नसतो, फक्त बांधलेला असतो.

आपल्याकडेही हा प्रकार होऊन गेला आहे. २००३ मध्ये रिलायन्सने सुरुवातीला फक्त ५०१ रुपये भरून फोन दिले, तेव्हा ते फोन त्याच कंपनीवर चालत आणि त्यांत वेगळे सिमही नसे. २०१७ मध्ये १५०० रुपये अनामत घेऊन आलेला जिओफोनही जिओच्याच सिमवर चालायचा. फोन स्वस्त मिळतो तेव्हा तो कशाला बांधलेला आहे, हे विचारावे, एवढा धडा त्यातून घ्यायला हवा होता.

प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून कंपन्यांना बांधलेले फोन विकायला मनाई आहे. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून तशीच मनाई झाली. म्हणजे लंडन-लुटनहून नवा फोन येत असेल तर ही चिंता कमी, पण त्याआधी घेतलेला जुना फोन असेल तर विचारलेले बरे. अमेरिकेत २०१४ च्या कायद्याने गिऱ्हाइकाला आपला फोन खुला करून घेण्याचा मार्ग मोकळा झाला, पण हप्ते फेडणे, ठराविक दिवस वापरणे अशा कंपन्यांच्या अटी राहिल्याच. आपांच्या फोनाचेही तेच होते. जावयाचे काही हप्ते बाकी होते. त्याला वाटले, हप्ते आपण भरतोच आहोत, मग फोन कुठेही चालेल. आखाती देशांतल्या दुकानांत सुटे मिळणारे फोन बहुधा खुले असतात, पण कंपनीच्या योजनेतून हप्त्यांवर घेतलेला असेल तर तिथेही विचारावेच.

कुलपे तीन, नाव एकच

दुकानदार ‘लॉक आहे’ म्हणतो तेव्हा तो तीन वेगळ्या गोष्टींपैकी कुठल्या गोष्टीबद्दल बोलतो आहे, ते आधी विचारून घ्यावे.

पहिले कुलूप मोबाईल कंपनीचे. ते वर सांगितले. हे कुलूप ज्या कंपनीने घातले तिनेच काढायचे असते. मूळ मालकाने हप्ते पुरे करून कंपनीला कळवले की ती आपल्या यंत्रणेतून फोन मोकळा करते. फोन खेडला असला तरी चालतो, अमेरिकेला परत पाठवावा लागत नाही.

दुसरे कुलूप मालकाच्या खात्याचे. आयफोनात अ‍ॅपलचे खाते आणि अँड्रॉइडमध्ये गुगलचे खाते आधीच्या मालकाच्या नावाने राहून गेले, तर फोन पुसल्यावर तो जुना पासवर्ड मागतो. हे कुलूप चोरांसाठी केलेले आहे, पण घाईत फोन देणाऱ्या नातेवाइकांमुळे आपल्याच माणसांची अडचण होते. ज्याने फोन दिला त्याने आपले खाते आधी काढून टाकावे, मगच फोन पुसावा.

तिसरे कुलूप कर्ज देणाऱ्याचे. हे आपल्या देशातही आहे. हप्त्यांवर घेतलेल्या काही फोनांत कर्ज देणारी संस्था एक अ‍ॅप घालून ठेवते आणि हप्ता चुकला की फोन अडवते. असा फोन कुणी स्वस्तात विकू लागला तर घेऊ नये. आज चालेल, पुढच्या महिन्यात विकणाऱ्याने हप्ता चुकवला की तुमच्या हातात अडेल.

आणखी एक गोष्ट आखातातून सॅमसंग आणणाऱ्यांसाठी. परदेशी विकल्या जाणाऱ्या काही सॅमसंग फोनांच्या खोक्यावर चिकटवलेले असते की पहिल्यांदा त्याच भागातले सिम वापरावे. अशा फोनात तिथलेच सिम घालून एकंदर पाच मिनिटांहून अधिक बोलणे करावे लागते, मग तो जगात कुठेही चालतो. तेव्हा सीलबंद खोके तसेच गावी आणण्याचा मोह धरू नये. तिथेच खोके उघडावे, आपले सिम घालावे, घरी एक फोन करावा आणि मग बॅगेत ठेवावे.

खुला आहे, पण घरात लागत नाही

फोन खुला असला म्हणजे काम झाले असे नाही. मोबाईलच्या लहरींचे वेगवेगळे पट्टे असतात, त्यांना बँड म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. कंपनी ज्या बँडवर बोलते तो बँड फोनात असायला हवा. देशभराचा हिशेब धरला तर फोरजीसाठी जिओ ३, ५ आणि ४० हे बँड वापरते. एअरटेल मुख्यतः १, ३, ८ आणि ४०, तर व्ही १, ३, ८ आणि ४१. बीएसएनएलच्या नव्या फोरजीसाठी २८ आणि १ हे बँड महत्त्वाचे. फाइव्हजीसाठी जिओ आणि एअरटेल दोघांनाही एन ७८ लागतो, जिओला शिवाय एन २८. प्रत्येक बँड प्रत्येक गावात असतो असे नाही.

अमेरिकेत २, ४, १२, १३, ६६, ७१ असे बँड जास्त चालतात. महागड्या फोनांत बहुतेक देशांचे बँड घातलेले असतात. पण तिथल्या कंपनीसाठी बनवलेल्या स्वस्त अँड्रॉइड फोनात आपल्याकडचे ३, ८, ४० नसू शकतात. असा फोन मुंबईत जेमतेम चालतो आणि गावी गेला की गप्प बसतो.

याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. ५, ८ आणि २८ हे बँड कमी वारंवारतेचे आहेत, अनुक्रमे ८५०, ९०० आणि ७०० मेगाहर्ट्‌झचे. अशा लहरी दूरवर जातात आणि भिंतींतून आत शिरतात. ४० आणि ४१ जास्त वारंवारतेचे आहेत, त्यांवर वेग चांगला मिळतो पण पल्ला कमी. डोंगराआडचे गाव, जांभ्या दगडाच्या जाड भिंती आणि आतली माजघराची खोली, असे घर असेल तर कमी वारंवारतेचा बँड फोनात असणे फार गरजेचे. नाहीतर फोन वापरायला अंगणात उभे राहावे लागते आणि पावसाळ्यात तेही जमत नाही.

आता बोलण्याविषयी. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, तिथे कॉल मुख्यतः फोरजीवरूनच जातो. याला व्होल्टी म्हणतात. परदेशासाठी बनवलेल्या काही फोनांत भारतीय कंपन्यांसाठी ही सोय चालू केलेली नसते. मग इंटरनेट मजेत चालते, व्हॉट्सअ‍ॅप येते, पण साधा कॉल लागत नाही आणि येतही नाही. घरच्यांना वाटते फोन ठीक आहे. म्हणून फोन तपासताना इंटरनेट पाहून थांबू नये, साधा कॉल करून आणि घेऊन पाहावा. एअरटेल आणि व्हीकडे अजून टूजी आहे, त्यामुळे तिथे व्होल्टी नसली तरी कॉल बहुधा जुन्या वाटेने लागतो.

सिमची जागाच नाही

हल्ली एक नवी अडचण आली आहे. अमेरिकेत २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमकार्ड घालायची फटच ठेवलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १७ पासून हीच गोष्ट सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान आणि बहरीनमध्ये विकल्या जाणाऱ्या फोनांनाही लागू झाली. म्हणजे दोहाहून मुलाने नवाकोरा, पूर्ण खुला आयफोन आणला, तरी अम्मीचे सिम त्यात घालायला जागा नाही. त्यासाठी ई-सिम घ्यावे लागते. तोच नंबर कार्डाऐवजी फोनाच्या आतच नोंदवला जातो.

जिओ, एअरटेल आणि व्ही ई-सिम देतात. आधार घेऊन कंपनीच्या दुकानात स्वतः जाणे उत्तम. कुणी फोन करून ‘तुमचे ई-सिम करून देतो, आलेला ओटीपी सांगा’ म्हणाला तर सांगू नये. तसे केले की नंबर त्याच्या फोनात जातो आणि त्यामागून बँकेतले पैसे. शिवाय सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस अडवलेले असतात, म्हणून त्या दिवशी बँकेचे काम ठेवू नये.

ई-सिम वाईट नाही. पण म्हाताऱ्या माणसाचा फोन पडला, फुटला, तर कार्ड काढून शेजाऱ्याच्या फोनात घालता येत नाही, हे लक्षात ठेवावे. एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी भारतातच घेतलेला, कार्डाच्या दोन जागा असलेला साधा फोन पुष्कळदा जास्त उपयोगी पडतो.

घेण्याआधी हे करा

परदेशातला आपला माणूस फोन घेणार किंवा पाठवणार असेल, तर त्याला आधीच पाच प्रश्न विचारा. भेटवस्तूबद्दल असे विचारणे बरे दिसत नाही, असे आपल्या बायाबापड्यांना वाटते. आपांनाही तसेच वाटले होते. पण विचारल्याने देणाऱ्याचा मान कमी होत नाही.

१. फोन पूर्ण पैसे भरून घेतला आहे की हप्ते बाकी आहेत?

२. दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहिले का? आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये ‘जनरल’, मग ‘अबाउट’ उघडावे. ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे दिसले तर तो खुला आहे.

३. सिमकार्डाची जागा आहे का?

४. पुढे दिलेला पूर्ण मॉडेल क्रमांक कोणता? एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या बँडचा असतो. मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या माहितीपत्रकात बँडची यादी पाहता येते.

५. पाठवण्याआधी आपले खाते त्यातून काढले का?

जुना फोन मुंबईच्या मनीष मार्केटात घ्या नाहीतर गावातल्या ओळखीच्या माणसाकडून, आणखी एक तपासणी करावी. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो बिलावरच्या आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. मग के, वाय, एम ही तीन इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा. सरकारच्या संचार साथी सेवेतून उत्तर येते. क्रमांक काळ्या यादीत आहे किंवा त्याची नक्कल आहे असे आले, तर फोन कितीही स्वस्त असला तरी हात लावू नये.

कुणी ‘आयएमईआय बदलून लॉक काढून देतो’ म्हणाला, तर तिथून उठावे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात या क्रमांकाशी छेडछाड करणे हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

आपला जुना फोन विकताना किंवा देतानाही हीच जबाबदारी आपल्यावर येते. हप्ता बाकी असेल, बॅटरी उतरली असेल, बोलताना आवाज तुटत असेल, तर घेणाऱ्याला आधी सांगावे. मालातला ऐब झाकून विकू नये, ही शिकवण धान्याच्या ढिगाला जशी लागू आहे तशीच मोबाईलला.

घरातला मुलगा किंवा मुलगी शिकायला, नोकरीला परदेशी निघाली असेल तर उलट बाजूने पाहावे. आपला भारतातला फोन बहुधा खुला असतो. पण अमेरिकेतल्या एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केले आणि आता ती आपल्या मान्य यादीतलेच फोन घेते. निघण्याआधी ज्या कंपनीचे सिम घेणार, तिच्या संकेतस्थळावर आयएमईआय घालून पाहावे. विमानतळावर उतरून घरी ‘पोचले’ एवढे सांगता आले नाही, तर इथे आईबापांचा जीव टांगणीला लागतो.

जुना फोन लगेच देऊ नका

शेवटचे सांगणे सगळ्यात सोपे आहे आणि आम्ही तेच केले नाही. नवा फोन घरात आला म्हणून जुना लगेच कुणाला देऊ नये. नवा फोन आठ दिवस त्याच घरात, त्याच खोलीत, त्याच सिमवर वापरून पाहावा. कॉल लागतो का, येतो का, रात्री माजघरात घंटी वाजते का, ओटीपी पोचतो का, हे सगळे नीट झाले की मगच जुना फोन मोकळा करावा. आणि दुकानात फोन ठेवायची वेळ आली तर सिम काढून घरी आणावे, दुसऱ्या फोनात घालावे आणि नंबर चालू ठेवावा.

आपांच्या फोनाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. दुकानदाराने तो तसाच परत केला आणि पैसेही घेतले नाहीत. जावयाने उरलेले हप्ते एकदम भरले, कंपनीकडे अर्ज केला आणि काही दिवसांत फोन खेडमध्येच उघडला. आता संध्याकाळी नातू पडद्यावर दिसतो. पण आपांनी बाजारातून बटणांचा एक फोन पुन्हा विकत आणला आणि दुसऱ्या कंपनीचे सिम त्यात घालून तो उशाशी ठेवला आहे. तो नंबर महाडला, चिपळूणला, सगळ्या नातेवाइकांना त्यांनी स्वतः कळवला. ‘‘तोंड बघायला मोठा, खबर यायला छोटा,’’ असे त्या म्हणतात.

तुमच्या घरीही असा दुसरा नंबर चार नातेवाइकांकडे आणि एका शेजाऱ्याकडे लिहून ठेवलेला असू द्या. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, हरवलेला मोबाईल संचार साथीवरून कसा बंद करायचा आणि सापडल्यावर पुन्हा कसा सुरू करून घ्यायचा, ते पाहू.